विहिरीचा खटला आणि पाणी भरणारी बाई

आपल्या बैठकांमधून एक वाक्य मी वरचेवर ऐकते: "तो पर्यावरणवाल्यांचा प्रश्न आहे, आपला नाही." हुंडाबळी आपला प्रश्न, परित्यक्तांची पोटगी आपली, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आपला. पण नदीत सोडलेलं रसायन, खाणीची धूळ, जनसुनावणीत रेटून नेलेला प्रकल्प, हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी. म्हणूनच पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या संस्थांवर गेल्या काही वर्षांत जी गदा आली, तिच्याबद्दल आपल्या मोर्चांत घोषणा नाही आणि निवेदनांत ओळ नाही.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. या संस्था टिकल्या पाहिजेत आणि त्या टिकवणं हे स्त्री-चळवळीचंही काम आहे, ही एक. आणि त्या टिकल्या तरी आजवर चालवले तसेच खटले चालवून भागणार नाही, बाईचे श्रम त्यांच्या याचिकांमध्ये 'नुकसान' म्हणून आले पाहिजेत, ही दुसरी. पहिली गोष्ट सरकारला आवडणार नाही आणि दुसरी कदाचित आपल्या वकील मित्रांना. दोन्ही बोलायला हव्यात.

आधी या संस्था म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत १९७१ साली सिएरा क्लब या निसर्गरक्षक संघटनेच्या नावाने वकिलांचा एक कायदा-निधी उभा राहिला. १९९७ पासून तो 'अर्थजस्टिस' म्हणून ओळखला जातो. अशिलाकडून फी घ्यायची नाही, खर्च देणग्यांतून भागवायचा आणि पर्यावरणाचे खटले लढवायचे, अशी त्याची रीत. आपल्याकडे अशा कामाची रूपं वेगवेगळी आहेत. कुठे न्यास, कुठे नोंदणीकृत संस्था, कुठे चार वकिलांनी मिळून थाटलेली कचेरी. गोव्यात १९८६ पासून 'गोवा फाउंडेशन' काम करते. नॉर्मा अल्वारिस यांनी तिचे किती तरी खटले उच्च न्यायालयात चालवले. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली, ती याच संस्थेच्या याचिकेवर. दिल्लीत २००५ साली 'लीगल इनिशिएटिव्ह फॉर फॉरेस्ट अँड एन्व्हायर्नमेंट', म्हणजे 'लाइफ', ही संस्था ऋत्विक दत्ता आणि राहुल चौधरी या वकिलांनी सुरू केली. २०२१ मध्ये तिला 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना नर्मदेच्या लढ्यासाठी मिळाला होता, तोच हा पुरस्कार.

अशा कचेऱ्या का लागतात? मी समाजकार्याचं शिक्षण संपवल्यापासून गेली अकरा वर्षं ग्रामीण भागात काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, कागदावर आपल्याला पुष्कळ हक्क आहेत. पण ते हक्क मागायला जी मुदत, जी भाषा आणि जी धावपळ लागते, ती गावातल्या कुठल्याही बाईच्या आवाक्यातली नाही.

एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, की तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला २०१० च्या कायद्याने ३० दिवस दिले आहेत. उशिराचं सबळ कारण दाखवलं, तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. आता बघा, मंजुरी मिळाल्याचं गावाला कळणार कधी? पर्यावरण आघाताचा अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत द्यायचा असतो तो फक्त त्याचा सारांश. अहवाल लिहिणारा सल्लागार नेमतं कोण, त्याचे पैसे देतं कोण? ज्याला प्रकल्प उभारायचा आहे तो. त्या अहवालात ओढा दाखवलेला नाही किंवा गावाची विहीर नकाशावरून गायब आहे, हे शोधून नव्वद दिवसांच्या आत कायद्याच्या भाषेत मांडायला माणूस लागतो. लवादाची फी फक्त एक हजार रुपये आहे, भरपाई मागितली नसेल तर. पण एक हजारात खटला उभा राहत नाही. भूजलाचा जाणकार लागतो, पाण्याचे नमुने तपासून घ्यावे लागतात, पुण्याच्या खंडपीठापर्यंत जावं लागतं. गडचिरोलीच्या बाईला पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी. आता सुनावणी व्हिडिओवरही होते, असं सांगतात. घरातला तो एकुलता एक मोबाइल कुणाच्या खिशात असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपनीकडे वकिलांचा ताफा असतो. सरकारकडे सरकारी वकील असतो. तिसऱ्या बाजूला, जिथे गाव उभं आहे, तिथे फी न घेणारा वकील नसला, तर खुर्ची रिकामी राहते आणि खटला होतच नाही. सगळा कायदा जागच्या जागी शाबूत राहतो आणि तरी काहीही होत नाही.

आणि कायदासुद्धा शाबूत राहतो का, हेही पाहावं लागतं. २०२० मध्ये सरकारने पर्यावरण आघात अधिसूचनेचा नवा मसुदा काढला. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचा त्यात प्रस्ताव होता. आणि हा मसुदा काढला तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत. मराठी, कोकणी, संताळी, तमिळ बोलणाऱ्यांनी हरकती कशा घ्यायच्या? एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत अनुवाद करायला सांगितलं. आणखी एक उदाहरण घ्या. आधी बांधकाम करायचं आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची, या प्रकाराला मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. बांधकाम व्यावसायिकांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेतला गेला. सहा महिन्यांत मिळवलेलं गेलं. समोरची बाजू थकत नाही, कारण तिला थकण्याची गरज नसते. आपल्या बाजूची एक संस्था बंद पडली, तर पुढच्या खेपेला न्यायालयाच्या दारात उभं राहायला कुणी नसेल.

आता मुळातच प्रश्न विचारते. जनहित याचिका ही काय फक्त पर्यावरणवाल्यांची मिरास आहे? मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या. भंवरीदेवीवरच्या अत्याचारानंतर राजस्थानातल्या 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, म्हणून १९९७ चे विशाखा निर्देश आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा मसुदा घडवण्यात 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या वकिलांच्या संस्थेचा मोठा हात होता. आज आपल्या समुपदेशन केंद्रात बसून ज्या कलमांचा आपण आधार घेतो, त्यांच्यामागे अशीच फी न घेणारी, देणग्यांवर चालणारी कायदा-संस्था उभी होती. २०१६ मध्ये त्याच लॉयर्स कलेक्टिव्हची परकीय निधीची नोंदणी रद्द झाली, २०१९ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणी अस्वस्थ झाल्या, पत्रकं निघाली. २०२३ मध्ये 'लाइफ'च्या ऋत्विक दत्ता यांच्यावर तसाच गुन्हा नोंदवला गेला. परदेशी पैसा घेऊन कोळशाचे प्रकल्प अडवले, असा आरोप. पैसा देणारी संस्था म्हणून नाव आलं ते अर्थजस्टिसचं. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण आपली पत्रकं या वेळी कुठे होती?

"परदेशी पैसा" या शब्दांनी आपणही बिचकतो. म्हणून त्याचा हिशोब करू. २०२० मध्ये परकीय निधीचा कायदा आणखी आवळला. एका संस्थेने आपल्याला मिळालेल्या निधीतून दुसऱ्या संस्थेला काही द्यायला बंदी आली. कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. सगळा निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून घ्यायची सक्ती झाली. म्हणजे शहरातल्या कायदा-संस्थेने गावातल्या छोट्या महिला गटाला पाणी तपासायला चार पैसे द्यायचे म्हटले, तर तो गुन्हा.

आता दुसरी बाजू पाहा. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय निधीचा कायदा मोडला. मग काय झालं? पक्षांच्या अध्यक्षांवर धाडी पडल्या का? २०१६ च्या वित्त कायद्यातून 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही मागल्या तारखेपासून. तेवढ्याने भागेना, म्हणून २०१८ मध्ये ती सवलत थेट १९७६ पर्यंत मागे नेली. म्हणजे ओडिशातल्या नियमगिरीत ज्या कंपनीला बॉक्साइटची खाण हवी होती, तिच्या समूहाचा पैसा पक्षांना चालतो, त्यासाठी कायदा वाकतो. आणि डोंगराच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाचा पैसा मात्र राष्ट्रद्रोही ठरतो. ज्यांना हा दुटप्पीपणा दिसत नाही, त्यांच्याशी देशभक्तीची चर्चा कशाला करायची?

आपल्यातलाच दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. न्यायालयात गेलं की चळवळ थंडावते, तारखांवर तारखा पडतात, बायका घरी जातात आणि लढा वकिलाच्या फायलीत जातो, असं ज्या म्हणतात त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. डेहराडूनच्या चुनखडीच्या खाणींविरुद्ध तिथल्या 'रुरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ मध्ये न्यायालयाने कित्येक खाणी बंद करायला लावल्या. पर्यावरणाच्या खटल्यांची वाट त्या निकालाने मोकळी केली. तरीही १९८६ मध्ये त्याच दून खोऱ्यातल्या नाही-कला गावच्या बायांना खाणीच्या वाटेवर ठाण मांडून बसावं लागलं. आदेश एकटा खाण थांबवत नाही आणि बसलेल्या बायांना आदेशाचा आधार नसला, की पोलिसांची गाडी यायला वेळ लागत नाही. नियमगिरीतही हेच दिसलं. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. त्यानंतर १२ च्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली. न्यायालयाने दार उघडलं, पण 'नको' म्हणायला माणसं डोंगरावरून उतरून यावी लागली. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ पासून अशा ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात, अशी अट आहे. ती अट कागदावर राहील की जमिनीवर येईल, हे आपल्यावर आहे.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग. इथे मला वकील मित्रांशी भांडायचं आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८८ च्या सुमारास तिथे 'एच-ॲसिड' नावाचं रसायन बनवायला सुरुवात झाली. रंगाच्या उद्योगात लागणारं हे रसायन. काही महिन्यांतच सुमारे २,४०० टन विषारी गाळ तयार झाला आणि तो उघड्यावर पडला. पावसाबरोबर तो जमिनीत मुरला. सुमारे ६० विहिरींचं पाणी काळपट होऊन माणसांनाच काय, गुरांनाही पिता येईना. गावकरी खवळले, जमावबंदी लागली. 'इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन' ही पर्यावरण कायद्याचं काम करणारी संस्था १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये निकाल लागला: ज्याने प्रदूषण केलं त्यानेच भरायचं. भारतातल्या पर्यावरण कायद्याचा हा खांब आहे. त्या संस्थेचे उपकार मी नाकारत नाही. माती आणि भूजल पूर्ववत करायला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये लागतील, असा हिशोब निघाला. कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून ते टाळले. अखेर २०११ मध्ये न्यायालयाने ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितली. याचिकेपासून २२ वर्षं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या कोट्यवधींत माती आहे, भूजल आहे. गावकऱ्यांचं स्वतःचं नुकसान? त्यासाठी निकालात लिहिलं आहे, की त्यांनी किंवा त्यांच्या वतीने एखाद्या संस्थेने दिवाणी न्यायालयात दावे लावावेत आणि ते गरीब म्हणून फी-माफी मागतील, तर राज्य सरकारने विरोध करू नये. वाचून मी काही वेळ तशीच बसून राहिले. विहीर काळी पडली, तेव्हा घरात पाणी आणलं कुणी? चांगल्या पाण्यासाठी जास्तीची पायपीट झाली कुणाची? त्या बाईने आता दिवाणी न्यायालयात जाऊन, आपण कफल्लक आहोत हे सिद्ध करून दावा लावायचा! पाण्याचा नमुना बाटलीत घालून न्यायालयापर्यंत पोचला. ज्या डोक्यावरून हंडा येत होता, ते डोकं नाही पोचलं.

हा जुना निकाल, असं कुणी म्हणेल. मग २०१० चा लवादाचा कायदा उघडून पाहा. भरपाई कशाकशाची मागता येते, याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मृत्यू आहे, अपंगत्व आणि आजार आहेत, अपंगत्वामुळे बुडालेली मजुरी आहे, औषधोपचार आहेत. दुभती आणि ओढकामाची जनावरं आहेत, मासे आहेत, पिकं, भाजीपाला, झाडं, बागा आहेत. धंदा आणि नोकरी गेल्याचं आहे. सगळं रास्त. पण पाणी नासलं म्हणून रोज दुप्पट चालणाऱ्या, आजारी पडलेल्या लेकराजवळ बसून राहणाऱ्या, सरपणासाठी आता दुसरा डोंगर चढणाऱ्या बाईच्या बिनमोल श्रमांना त्या यादीत स्वतंत्र ओळ नाही. म्हैस आहे, म्हशीला पाणी पाजणारी नाही.

सरकारी आकड्यांकडेच पाहा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. हे अख्ख्या देशाचं सरासरी चित्र. जिथे विहीर नासली आहे, तिथे या मिनिटांचं काय होत असेल? ती वाढलेली मिनिटं म्हणजे कारखान्याचा वाचलेला खर्च. सांडपाणी शुद्ध करायचे पैसे मालकाने वाचवले आणि ते काम बाईच्या पायांवर टाकलं. 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व खरं असेल, तर हेही त्याने भरायला नको?

वकील म्हणतील, न्यायालय भावनेवर चालत नाही, या श्रमांची किंमत ठरवणार कशी? त्याला न्यायालयाचंच उत्तर आहे. १९८९ मध्ये जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या एका समारंभात आग लागून अनेक माणसं दगावली. त्या लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या घरकामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. २०२१ च्या कीर्ती खटल्यात, मोटार अपघाताच्या भरपाईत, घर सांभाळणाऱ्या बाईचं मानीव उत्पन्न धरलंच पाहिजे, हे न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितलं. ट्रकखाली सापडून बाई मेली, तर तिच्या कामाची किंमत निघते. मग तीच बाई जिवंत असताना कारखान्याने तिच्यावर लादलेल्या कामाची किंमत का निघू नये? परिशिष्टाच्या शेवटी घातक पदार्थांच्या हाताळणीतून उद्भवणाऱ्या 'इतर कोणत्याही' मागणीला जागा ठेवलेली आहे. त्या फटीत बोट घालायचं काम वकिलाचं. आजवर ते का झालं नाही? माझ्या मते, कारण एवढंच की याचिका लिहिताना बाई समोर बसलेली नसते.

हे मी जवळून पाहिलं आहे. आम्ही काम करतो त्या भागात एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. मंडप कंपनीच्या फाटकाजवळ, वेळ सकाळी अकराची, दिवस भात लावणीचे. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी आणि कंत्राटदार, बाया मागे ताडपत्रीवर. एक मावशी उठून पाण्याबद्दल बोलू लागल्या, तर मंचावरून विचारलं गेलं, "सातबारा तुमच्या नावावर आहे का?" नियमात असं कुठेही नाही. सुनावणीत बोलायला सातबारा लागत नाही. उलट नियम असा, की सुनावणीला किती माणसं हवीत याची कसलीही किमान अट नाही, म्हणजे एकही बाई नसली तरी ती कायदेशीर ठरते. पुढे शहरातले एक चांगले, तळमळीचे वकील आले. फी घेतली नाही, स्वतःच्या खर्चाने आले. प्रतिज्ञापत्रं झाली ती सगळी जमीनमालकांची, म्हणजे पुरुषांची. मावशी त्यांना सांगत होत्या, "आधी दोन खेपांत भागायचं, आता चार होतात, सुनेच्या पोटात दुखतं तरी ती जाते." वकिलांच्या कागदावर उतरलं: भूजलाचा दर्जा खालावला आहे. वाक्य बिनचूक होतं. फक्त त्यातून सून गळाली होती.

म्हणून मी म्हणते, की या संस्था वाचवायच्या तर त्यांच्याकडे दाता म्हणून पाहून चालणार नाही. आपण त्यांच्या दारात मदत मागायला उभ्या राहणार नाही, आपण त्यांच्याबरोबर खटला उभा करणार. स्वित्झर्लंडमध्ये म्हाताऱ्या बायांनी हे करून दाखवलं. 'क्लीमासेनियोरिनन' या त्यांच्या मंडळात दोन हजारांहून जास्त आज्या आहेत. उष्णतेच्या लाटांत वृद्ध बायांच्या शरीराचे हाल सर्वांत जास्त होतात आणि सरकार तापमानवाढीबाबत हात बांधून बसलं आहे, हे त्यांनी स्वतःची दुखणी पुढे ठेवून मांडलं. पैशाचं पाठबळ ग्रीनपीसचं होतं, पण साक्ष त्यांची. ९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. विशेष म्हणजे चार एकट्या बायांच्या तक्रारी टिकल्या नाहीत, मंडळाची टिकली. आपल्या लवादाच्या कायद्यातही बाधित लोकांच्या प्रातिनिधिक मंडळाला किंवा संघटनेला दाद मागता येते. महिला मंडळ आहे, बचत गटांचा महासंघ आहे. वकीलपत्रावर सही करायला आणखी कोण हवं?

तेव्हा मैत्रिणींनो, चार कामं सुचवते.

पहिलं, वही. जिथे पाणी, धूळ, जंगल यांचा प्रश्न आहे, तिथल्या प्रत्येक गटाने साधी वही ठेवावी. तारीख, किती खेपा, किती वेळ, कोण आजारी, किती मजुरी बुडाली. खाली सही किंवा अंगठा. प्रश्न पेटण्याआधीपासून ठेवलेली अशी वही म्हणजे पुरावा. वकिलाला जे मोजता येत नाही म्हणतो, ते आपण मोजून देऊ.

दुसरं, फुकट वकिलाचा हक्क. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायला हवा. या कायद्यात 'न्यायालय' म्हणजे लवादसुद्धा. हा हक्क आपण पोटगीसाठी वापरतो, विहिरीसाठी कधी वापरत नाही. जिल्हा प्राधिकरणाकडे हरित लवादासाठी वकील मागणारे अर्ज करू या. नकार दिला, तर तो लेखी मागू.

तिसरं, पैसा. परदेशी निधीची नाडी सरकारच्या हातात आहे, आपल्या वर्गणीची नाही. स्त्री-संघटनांनी आपापल्या जिल्ह्यात पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या वकिलांसाठी खटला-निधी उभारावा. रक्कम लहान असेल. पण देणाऱ्या हजार बाया असल्या, तर कुठल्याही चौकशी अधिकाऱ्याला त्या सगळ्या परदेशी ठरवता येणार नाहीत.

चौथं, जाहीर भूमिका. एखाद्या पर्यावरण कायदा-संस्थेवर कारवाई झाली, की आपल्या संघटनेच्या नावाने पत्रक निघालंच पाहिजे. त्याच पत्रकात, त्याच दमात, त्या संस्थेलाही सांगायचं, की तुमच्या पुढच्या याचिकेत बायांची किती प्रतिज्ञापत्रं आहेत ते आम्ही विचारणार आहोत.

पहिली दोन कामं उद्यापासून करता येतात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. उरलेल्या दोन कामांसाठी पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्या. आणि बैठकीत कुणी म्हणालं की "तो पर्यावरणवाल्यांचा प्रश्न आहे", तर तिला एवढंच विचारा: तुझ्या गावात पाणी कोण भरतं?